निरभ्र दिवशीही मुलगा न उडता परत का आला?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त सिडनीला असतो. तिथल्या मित्रांच्या संगतीने त्याला समुद्रकाठच्या कड्यावरून हँग ग्लायडिंग करण्याचा नाद लागला आहे. गेल्या रविवारी ही मंडळी पहाटेच निघाली, दिवसभर स्टॅनवेल पार्कजवळच्या बाल्ड हिल नावाच्या टेकडीवर बसून राहिली आणि एकही जण न उडता संध्याकाळी परतली, असे तो सांगतो. फोटोत तर आकाश अगदी स्वच्छ दिसते. तो माझ्यापासून काही लपवत असेल का? शिवाय इंजिनच नसलेले ते यान तासन्‌तास वर राहते कसे, आणि वाऱ्याने कड्यावर आपटले तर काय, या विचाराने माझी झोप उडाली आहे.
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपला मुलगा खरे सांगत असावा, आणि त्याने सांगितलेली हकिगत काळजी वाढवणारी नसून कमी करणारी आहे. किनाऱ्यावरच्या उड्डाणाचा आकाशाच्या निळेपणाशी फारसा संबंध नसतो. संबंध असतो तो वारा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने येतो याच्याशी. बाल्ड हिलला दक्षिणेकडून ते आग्नेयेकडून येणारा वारा मानवतो, कारण तोच तिथल्या उतारावर समोरून येतो. सिडनीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यातल्या स्वच्छ दुपारी मात्र बहुधा ईशान्येचा वारा सुटतो. म्हणजे सहलीला उत्तम असलेला दिवस उड्डाणाला पूर्ण निरुपयोगी ठरू शकतो, आणि अशा वेळी जाणती माणसे पंख गाडीच्या टपावरून खालीसुद्धा काढत नाहीत.

आता यान वर कसे राहते ते पाहू. ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेला कापडी पंख आणि त्याखाली पट्ट्यांच्या झोळीत पालथा लटकलेला चालक, एवढाच हा सरंजाम. स्थिर हवेत हा पंख पुढे सरकत सरकत सेकंदाला साधारण एक मीटर खाली येत राहतो. समुद्रावरून आलेला वारा कड्याला अडला की त्याला वर वळण्यावाचून गत्यंतर नसते. वर जाणाऱ्या या हवेचा वेग पंखाच्या खाली येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला, की यान हवेच्या तुलनेत खाली येत असूनही जमिनीच्या तुलनेत वर चढते. त्यामुळे वारा टिकेपर्यंत कड्यासमोर येरझाऱ्या घालत राहता येते. आपल्या विदर्भात मे महिन्यात वावटळी उठतात, त्या तापलेल्या जमिनीवरून वर धावणाऱ्या हवेच्या असतात. भूभागावरचे ग्लायडर याच उष्ण झोतांवर चढतात, पण ते झोत धसमुसळे असतात. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला वाटेत झाड नाही, इमारत नाही, म्हणून तो सलग वाहतो आणि उड्डाण बरेच संथ होते. जाता जाता सांगण्यासारखे म्हणजे, याच स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर उड्डाणाचे प्रयोग करणारे संशोधक लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी १२ नोव्हेंबर १८९४ रोजी चार पेटी-पतंग एकामागोमाग बांधून त्यांच्या बळावर स्वतःला जमिनीपासून १६ फूट उचलून घेतले होते.

कड्यावर आपटण्याची आपली भीती अनाठायी नाही. वारा पंखाच्या वेगापेक्षा जोरकस झाला, तर यान नाक समुद्राकडे ठेवूनही मागे मागे ढकलले जाते, आणि कड्याच्या माथ्यामागे हवेचे भोवरे असतात. संक्रांतीला इमारतीच्या आडोशाला गेलेला पतंग जसा गोते खातो, तशीच तिथे पंखाची गत होते. याशिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, हे विसरून चालत नाही. म्हणूनच प्रत्येक वळण कड्यापासून दूर, समुद्राच्या बाजूला घ्यायचे, हा नियम पहिल्याच धड्यात शिकवतात. दुसरा धोका पाण्याचा. भिजलेला पंख जड होतो, लाटा तो उलटवतात आणि झोळीच्या पट्ट्यांतून सुटणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही अवघड जाते. त्यामुळे भरतीने उतरण्याची वाळू किती उरणार आहे, हे निघण्यापूर्वीच पाहावे लागते.

मित्रांविषयी आपल्या पत्रात थोडा रोष जाणवला. या खेळात सोबती हे प्रेक्षक नसतात. कड्यावरच्या जोरदार वाऱ्यात एकट्याने पंख उचलून उभे राहणे धोक्याचे असते. एक जण नाकाकडच्या तारा धरतो, दुसरा बाजूची, आणि चालकाने इशारा दिल्यावरच सगळे एकदम सोडतात. त्याआधी चालक झोळीत आडवा लटकतो आणि मित्र हूक, पट्टे, चालकाने हातात धरायच्या दांडीपासूनचे अंतर तपासतो. ही तपासणी अवघ्या मिनिटाची असते, पण हूक न अडकवताच धाव घेतल्यामुळे जीवघेणे अपघात झालेले आहेत. दिवसभर बसून न उडता परतणारी टोळी ही तपासणी टाळणारी नसते, असे माझे मत आहे. आपण मुलाला एवढेच विचारावे, की तो अजून प्रशिक्षकाबरोबर दुहेरी पंखावर उडतो की एकट्याने, आणि एकट्याने उडत असेल तर त्याच्याकडे स्पोर्ट्स एव्हिएशन फेडरेशन ऑफ ऑस्ट्रेलियाचे प्रमाणपत्र आहे का. उत्तर देताना तो विषय बदलू लागला, तर मात्र अवश्य रागवावे.

प्रश्न : आम्ही चार मित्र मे महिन्यात गोव्याला जाणार आहोत. तिथे एका दिवसात हँग ग्लायडिंग शिकून एकट्याने कड्यावरून उडता येईल का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : नाही. एका दिवसात फार तर सपाटीवर पंख पेलून धावणे जमते. शिवाय केरी-हरमल किंवा केरळातील वर्कला येथे पर्यटकांना जे मिळते ते बहुधा पॅराग्लायडिंग असते. त्यात ताठ सांगाडा नसतो, छत्रीसारखे कापड असते आणि माणूस बसून उडतो. तेही प्रशिक्षित चालकाबरोबर करावे. सकाळी जमिनीकडून मतलई वारे वाहतात, तेव्हा कड्यावर काही घडत नाही; खारे वारे दुपारकडे जोर धरतात, म्हणून सकाळी पोहून-खाऊन घ्यावे आणि दुपार मोकळी ठेवावी. मे महिन्याच्या अखेरीस मात्र पावसाळी वाऱ्याचे झोत अचानक येऊ लागतात. त्यामुळे तारखा अलीकडे घेता आल्या तर पाहाव्यात, आणि चालकाने नकार दिला तर जास्त पैसे देऊ करून त्याचे मन वळवू नये.