माळ्यावरचा सिनेकॅमेरा : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक विषय वारंवार डोकावतो आहे, तो म्हणजे घरच्या कपाटात किंवा माळ्यावर सापडलेला जुना सिनेकॅमेरा. पत्रलेखकांपैकी बहुतेकांची पहिली चिंता कॅमेरा चालू होईल का, ही असते. माझ्या मते तो या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. त्यात कोणती फिल्म घालायची आणि ती धुणार कोण, याचा निर्णय कॅमेऱ्यावर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी व्हायला हवा. निवडक पाच पत्रे आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : वडिलांचे कपाट आवरताना एक जपानी बनावटीचा सुपर ८ (८ मिमी रुंदीच्या फिल्मवर चालणारा) कॅमेरा मिळाला. सत्तरच्या दशकात माझ्या काकांनी तो कुवेतहून आणला होता. नवे सेल घालून कळ दाबली, तरी काहीच हालचाल होत नाही. दुरुस्त करावा की शोभेसाठी ठेवावा? – एक वाचक, सातारा

शोभेसाठी ठेवण्याची घाई करू नका. या वयाचे कॅमेरे बंद पडण्यामागे बहुतेक वेळा सेलच्या कप्प्यातला गंज असतो. मुठीतल्या त्या कप्प्यात टॉर्च मारून पाहा. पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरी किंवा हिरवट भुकटी साचलेली दिसली, तर ती जुन्या सेलमधून गळलेल्या रसायनाची आहे. अल्कलाइन सेल गळला असेल तर कापसाच्या काडीला किंचित व्हिनेगर लावून पट्ट्या पुसाव्यात. जुना साधा जस्त-कार्बनचा सेल गळला असेल, तर पाण्यात कालवलेला चिमूटभर खाण्याचा सोडा वापरावा. त्यानंतर पट्ट्या कोरड्या करून पेन्सिलीच्या खोडरबराने धातू चमकेपर्यंत घासाव्यात. द्रव आत ओघळू देऊ नये, कारण मोटर तिथून फारशी दूर नसते.

एवढे करूनही मोटर नुसतीच गुणगुणत राहिली आणि फिरली नाही, तर आतले वंगण वाळून घट्ट झाले असण्याची शक्यता आहे. अशा वेळी कुठल्याही भोकातून शिवणयंत्राचे तेल सोडण्याचा मोह आवरावा. ते तेल झडपेवर आणि भिंगावर पसरते आणि मग दुरुस्त करणाऱ्यालाही हात टेकावे लागतात. फिल्मचे जुने स्थिरचित्र कॅमेरे उघडून साफ करणारा कारागीर तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला हे काम परके वाटणार नाही.

मोटर फिरू लागली की प्रकाशमापकाकडे वळावे. अनेक मॉडेलांत त्यासाठी वेगळा बटन सेल असतो आणि तो मूळचा १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल असे. पाऱ्याचे सेल आता बनत नाहीत. त्याच्या जागी त्याच मापाचा १.५ व्होल्टचा सेल बसतो खरा, पण वाढलेल्या दाबामुळे काटा आहे त्यापेक्षा जास्त उजेड दाखवतो, कॅमेरा उजेड आत घेणारे छिद्र गरजेपेक्षा जास्त मिटतो आणि चित्र काळवंडते. श्रवणयंत्रात वापरतात तो ६७५ क्रमांकाचा जस्त-हवेचा सेल सुमारे १.४ व्होल्टचा असतो. भोवती एक रबरी वॉशर घालून तो त्या खोबणीत बसवता येतो. त्यावरची चिकटपट्टी काढली की सेल आपोआप झिजू लागतो, म्हणून चित्रीकरणाच्या आदल्या दिवशीच ती काढावी.

शेवटी फिल्म न घालता दार उघडे ठेवून कळ दाबावी आणि जिथून फिल्म सरकते त्या छोट्या चौकटीकडे पाहावे. भिंग खिडकीकडे वळवल्यावर छिद्र लहान आणि खोलीकडे वळवल्यावर मोठे होत असेल, तर कॅमेरा कामाचा आहे असे समजावे. ती चौकट लाकडी टूथपिकने आणि मऊ कुंचल्याने साफ करावी. तिथे अडकलेला एक केस पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो आणि तो पूर्ण रिळभर तसाच राहतो.

प्रश्न : मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे चित्रीकरण आजोबांच्या सुपर ८ कॅमेऱ्यावर करावे, अशी आमची इच्छा आहे. फिल्म मिळते का, कोणती घ्यावी आणि किती पुरेल? – एक वाचक दांपत्य, डोंबिवली

फिल्म मिळते. कोडॅकने १९६५ साली सुपर ८ बाजारात आणली आणि तिचे कार्ट्रिज, म्हणजे फिल्म भरलेली बंद डबी, आजही तीच कंपनी बनवते. त्यात ५० फूट फिल्म असते, म्हणजे ३,६०० चौकटी (एकेक चित्र). सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने ती ३ मिनिटे २० सेकंद पुरते आणि २४ च्या वेगाने अवघी अडीच मिनिटे. मोबाइलवर तासभर चित्रीकरण करण्याची सवय असलेल्याला हा आकडा थट्टेसारखा वाटतो. माझा सल्ला असा की, तुम्ही दोन कार्ट्रिजे घ्यावीत आणि त्यातले एक वाढदिवसाच्या किमान दोन महिने आधी चाचणीसाठी संपवून, धुऊन, पाहून मगच दुसऱ्याला हात लावावा. चाचणी न केलेल्या पन्नास वर्षांच्या यंत्रावर पुन्हा न येणारा प्रसंग सोपवणे मला धाडसाचे नव्हे, निष्काळजीपणाचे वाटते.

फिल्मच्या निवडीत दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली जात : निगेटिव्ह की रिव्हर्सल. रिव्हर्सल धुतल्यावर थेट प्रोजेक्टरवर लावता येते. कोडॅकची एक्टाक्रोम १०० डी ही २०१८ साली परत आलेली रंगीत रिव्हर्सल आणि ट्राय-एक्स ही कृष्णधवल रिव्हर्सल. एक्टाक्रोमचे रंग देखणे असतात, पण प्रकाशाची चूक रिव्हर्सल माफ करत नाही. व्हिजन ३ मालिकेतल्या ५० डी, २०० टी आणि ५०० टी या निगेटिव्ह फिल्म आहेत. त्या स्कॅन करूनच पाहाव्या लागतात, परंतु उजेड थोडा जास्त पडला तरी त्या सांभाळून घेतात. मापकावर पुरता भरवसा नसलेल्या कॅमेऱ्यासाठी मी निगेटिव्हच सुचवेन.

दुसरी गोष्ट उजेडाची. नावातला आकडा फिल्मची उजेडाबद्दलची संवेदनशीलता सांगतो. ‘डी’ म्हणजे उन्हासाठी आणि ‘टी’ म्हणजे पिवळ्या दिव्यासाठी. ‘टी’ फिल्म बाहेर वापरायची तर कॅमेऱ्यातली नारिंगी काच मध्ये आणावी लागते. तिच्यामुळे २०० ची फिल्म १२५ सारखी वागते. ‘डी’ वापरताना ती काच बाजूला असल्याची खात्री करावी, नाहीतर सगळा वाढदिवस हळदीत बुडालेला दिसेल. आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी गच्चीवर ५०० टी चालवू नये, कारण छिद्र पूर्ण मिटूनही उजेड आवरत नाही. तिथे ५० डी योग्य. उलट, फ्लॅटमध्ये संध्याकाळी केक कापणार असाल, तर ५०० टी शिवाय गत्यंतर नाही आणि तेव्हाही सगळे दिवे लावावेत.

इथे एक खोच आहे. कार्ट्रिजच्या कडेला असलेली खाच चाचपून कॅमेरा फिल्मची संवेदनशीलता ओळखतो. महागड्या मॉडेलांना अनेक खाचा कळतात, साध्या मॉडेलांना मात्र त्यांच्या काळात खपणाऱ्या ४० आणि १६० या दोनच. असा कॅमेरा १०० च्या एक्टाक्रोमला १६० समजून बसला, तर चित्र अंधारे येते. कॅमेऱ्यात छिद्र हाताने ठरवण्याची सोय असेल, तर मोबाइलवरचे प्रकाशमापकाचे अॅप वापरावे. त्यात फिल्मचा आकडा आणि सेकंदाचा चाळिसावा भाग एवढा वेळ भरावा आणि येणारे उत्तर कॅमेऱ्यावर लावावे.

धुलाईबद्दल स्पष्ट बोलतो. व्हिजन ३ ची धुलाई ईसीएन-२ या पद्धतीने होते आणि ती स्टुडिओत साधे रंगीत रोल धुतात त्यापेक्षा वेगळी आहे. ‘आम्ही धुऊन देतो’ असे कुणी मोघम सांगितले, तर पद्धतीचे नाव विचारावे आणि सुपर ८ ची आधी धुतलेली पट्टी पाहायला मागावी. मुंबईतल्या चित्रपटांच्या जुन्या प्रयोगशाळा डिजिटलच्या लाटेत एकामागून एक बंद झाल्या, त्यामुळे पुष्कळ हौशी मंडळी युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांकडे रोल पाठवतात. जाणाऱ्या नातेवाइकाबरोबर देणार असाल, तर रोल हातातल्या पिशवीत ठेवून सुरक्षा तपासणीत हाताने तपासण्याची विनंती करायला सांगा. विमानतळांवरच्या नव्या सीटी स्कॅनरमुळे न धुतलेली फिल्म धुरकटते आणि चेक-इनच्या सामानावरची किरणे तर तिच्या मुळावरच उठतात.

प्रत्यक्ष चित्रीकरणात एक दृश्य सहा-सात सेकंदांचे धरले, तर एका कार्ट्रिजमध्ये तीसेक दृश्ये बसतात. ती आधी कागदावर लिहून ठेवावीत : औक्षण, आजीचा हात, केककडे झेपावणारी मुलगी. झूम सतत पुढे-मागे करू नये. आवाजाची आशा धरू नये. ध्वनीची पट्टी असलेली कार्ट्रिजे १९९० च्या दशकातच बंद झाली आणि कॅमेऱ्याची घरघर एवढी असते, की बाजूला मोबाइल ठेवून आवाज वेगळा घेतला तरी तो दूर कोपऱ्यातच ठेवावा लागतो.

जाता जाता, ‘नवा का घेऊ नये’ या तुमच्या ताजा कलमाला उत्तर : कोडॅकने २०१६ साली जाहीर केलेला नवा सुपर ८ कॅमेरा २०२३ च्या अखेरीस विक्रीला आला आणि त्याची किंमत ५,४९५ डॉलर ठेवली गेली. आजोबांचा कॅमेरा पुसून घ्या.

प्रश्न : भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी दिसते. पुसले तरी जात नाही. – एक वाचक, पणजी

ती बुरशी आहे आणि किनारपट्टीच्या दमट हवेत ती यायचीच. कडेला दोन-चार तंतू असतील तर चित्रात फरक जाणवत नाही, मध्यभागी जाळे असेल तर उजेडाकडे वळल्यावर चित्र दुधाळ होते. पुढचा प्रसार थांबवण्यासाठी कॅमेरा चामड्याच्या मूळ पेटीतून बाहेर काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावा. ती पेटी ओल धरून ठेवते. आठवण म्हणून ती वेगळी जपा.

प्रश्न : न्यू जर्सीत घरच्या वापरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत चावीचा ८ मिमी कॅमेरा घेतला. आत कोडॅक्रोम या कोडॅकच्या जुन्या रंगीत फिल्मचे अर्धे चित्रित झालेले रीळ निघाले. ते धुता येईल का? आणि हा कॅमेरा सुपर ८ घेईल का? – एक वाचक, एडिसन

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी : नाही. तुमचा कॅमेरा १९३२ साली आलेल्या ‘डबल ८’ पद्धतीचा आहे. त्यात १६ मिमी रुंदीची २५ फूट फिल्म उघड्या चकतीवर असते. एक बाजू चित्रित झाली की चकती उलटून दुसरी बाजू घ्यायची आणि धुतल्यावर प्रयोगशाळा ती मधोमध चिरून दोन्ही पट्ट्या जोडते. चकती नेहमी सावलीत, शक्यतो अंधाऱ्या खोलीत बदलावी. सेल नाही, मापकही बहुधा नाही. एका चावीत अर्ध्या मिनिटाच्या आसपासच फिल्म धावते. बिघडण्यासारखे यात फारच कमी आहे, म्हणून मला हे कॅमेरे सुपर ८ पेक्षाही अधिक आवडतात. चेक प्रजासत्ताकातल्या फोमा कंपनीची फोमापॅन आर १०० ही कृष्णधवल रिव्हर्सल फिल्म या मापात वापरली जाते. साठवण्यापूर्वी मात्र चावी पूर्ण उतरवून ठेवा.

कोडॅक्रोमच्या धुलाईची रसायने जगात कुठेच उरलेली नाहीत. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावातल्या ड्वेन्स फोटो या शेवटच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रोल स्वीकारले. तुमचे रीळ आता रंगीत होऊ शकत नाही. जुन्या फिल्म सोडवण्याचे खास काम करणाऱ्या प्रयोगशाळा ते कृष्णधवल पद्धतीने धुतात आणि पुष्कळदा पुसट का होईना, माणसे दिसतात. उरलेली अर्धी फिल्म स्वतः चित्रित करून संपवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्या. कॅमेरा अंधारात उघडून, रीळ काळ्या कागदात गुंडाळून तसेच पाठवा.

प्रश्न : कॅमेऱ्याबरोबर वडिलांनी काढलेली चौदा रिळेही आहेत. प्रोजेक्टर चालू स्थितीत आहे. गणपतीत सगळे जमतील तेव्हा लावावीत का? – एक वाचक, कोल्हापूर

कृपया लावू नका. या फिल्म जुन्या नायट्रेट फिल्मसारख्या पेट घेणाऱ्या नाहीत, त्या अॅसिटेट या प्लास्टिकच्या आहेत. पण पन्नास वर्षांत त्या आक्रसतात आणि मग प्रोजेक्टरचे दात भोकांत नीट न बसता फिल्म फाडतात. आधी डबे उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर अॅसिटेट कुजू लागले आहे. ती रिळे बाकीच्यांपासून वेगळी करा, कारण ती वाफ शेजारच्या फिल्मलाही बाधते. अशा रिळांचे स्कॅनिंग आधी करून घ्या, तेही चौकटीमागून चौकट टिपणाऱ्या यंत्रावर, भिंतीवर पाडलेल्या चित्राचे चित्रीकरण करून नव्हे. स्कॅनिंगनंतर मूळ फिल्म टाकू नका. पत्र्याचे गंजके डबे बदलून प्लास्टिकच्या, थोडी हवा खेळणाऱ्या डब्यांत घाला आणि घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत ठेवा. माळा ही त्यासाठी घरातली सर्वांत वाईट जागा आहे. गणपतीत जमणाऱ्या मंडळींना स्कॅन दाखवा आणि शेजारी एक वही ठेवा. पडद्यावर कोण कोण दिसते आहे, हे सांगू शकणारी माणसे त्या दिवशी घरात असतील.