आधी गुडघा दाखवा, स्पेनचं नंतर बघू

पत्र : मुलगा 15 वर्षांचा, दहावीत आहे. फुटबॉलमध्ये फॉरवर्ड खेळतो. गेल्या सीझनला आम्ही 19 गोल मारले. मी रोज पहाटे त्याच्याकडून 100 शॉट मारून घेतो. हल्ली दोन महिने गुडघा दुखतो म्हणतो, पण तो कंटाळ्याचा बहाणा असावा. एका संस्थेनं स्पेनमधल्या अकादमीत दहा महिन्यांचे 18 लाख सांगितलेत; तिथूनच क्लब मुलं उचलतात म्हणे. 20 गुंठे उसाचं रान विकायची तयारी आहे. मी स्वतः तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळायचो, बाविसाव्या वर्षी गुडघा गेला. दहावीनंतर काय करावं?
— एक वडील, कोल्हापूर

नमस्कार,

पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा मी त्याच गुडघ्याच्या वाक्यावर अडकले.

तुमचा स्वतःचा गुडघा गेलेला आहे. ते दुखणं काय असतं, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत. तरी मुलगा दोन महिने सांगतोय आणि तुम्हाला तो बहाणा वाटतोय. या वयात हाडं भराभर वाढत असतात. मांडीच्या स्नायूचा ताण वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाच्या वाढत्या टोकावर येतो. उड्या, धावणं आणि शॉट यांनी तिथे सूज येऊन दुखतं. खेळणाऱ्या मुलांमध्ये हे नेहमी दिसतं आणि वेळीच भार कमी केला तर बहुतेकदा बरंही होतं. त्याला हेच झालंय की दुसरं काही, ते हाडांचे डॉक्टर सांगतील. माझं म्हणणं एवढंच, की याच आठवड्यात त्याला दाखवा आणि तोवर पहाटेचे 100 शॉट बंद ठेवा. एकही नको.

दुसरं वाक्य : "आम्ही 19 गोल मारले." आम्ही म्हणजे कोण? मैदानात तो एकटा होता. पूर्ण पत्रात त्याचं म्हणून एकच वाक्य आहे, दुखतंय एवढंच. त्याला स्पेनला जायचंय का, फॉरवर्डच खेळायचंय का, दहावीचं त्याला काय वाटतं, काहीच नाही. शाहू स्टेडियमवर तुमची मॅच अर्धवट राहिली याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोल्हापुरात तालमीचा शर्ट अंगात घालणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पण ती मॅच त्याला खेळायला लावू नका. त्याचा गुडघा आत्ताच दुखायला लागलाय.

आता स्पेन. पैसे भरून परदेशी अकादमीत गेलं की तिथला क्लब उचलतो, हा समज पार चुकीचा आहे आणि त्यावर पुष्कळांची दुकानं चालतात. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमानुसार 18 वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणीच होत नाही. अपवाद मोजके आहेत : आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं तिकडे राहायला गेले असतील, किंवा सोळा ते अठरा वयाच्या खेळाडूची बदली युरोपीय संघातल्याच एका देशातून दुसऱ्या देशात होत असेल, असे काही. भारतीय पासपोर्टवर एकट्या गेलेल्या पंधरा वर्षांच्या पोराला यातलं काही लागू होत नाही. हा नियम कागदावरचा नाही. लहान खेळाडूंच्या नोंदणीवरूनच फिफानं 2014 मध्ये बार्सिलोनावर आणि 2016 मध्ये रेआल माद्रिद व ॲटलेटिको माद्रिदवर नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली होती. एवढे मोठे क्लब जिथे अडकले, तिथे ही संस्था कुठली वाट काढणार? दहा महिने सराव होईल, मैत्रीपूर्ण सामने होतील, फोटो येतील. करार होणार नाही. संस्थेतला माणूस स्वतःला एजंट म्हणवत असेल, तर फिफाचं लायसन्स मागा. ते फिफाच्या वेबसाइटवर तपासता येतं.

आपले फॉरवर्ड परदेशात गेले ते कसे, तेही बघा. बायचुंग भुतिया 1999 मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला तेव्हा 22 वर्षांचा होता. बाला देवी 2020 मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, तेव्हा तिशीला टेकली होती. मनीषा कल्याण 2022 मध्ये सायप्रसला गेली आणि महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. या सगळ्यांनी आधी इथे गोल केले, मग तिकडून करार आला. सुनील छेत्रीला तर 2009 मध्ये क्यूपीआर (क्वीन्स पार्क रेंजर्स) या लंडनच्या क्लबचा करार होऊनही इंग्लंडनं वर्क परमिट नाकारलं, कारण भारताचं फिफा रँकिंग खाली होतं. पुढे अमेरिकेत आणि पोर्तुगालमध्येही त्याचा जम बसला नाही. तोच छेत्री 2024 मध्ये निवृत्ती घेताना भारतासाठी 94 गोल करून बसला होता. परदेशात जमलं नाही म्हणून त्याचं करिअर लहान झालं, असं तुम्ही म्हणाल का? आणि तुमच्या गावचाच अनिकेत जाधव 2017 चा 17 वर्षांखालचा विश्वचषक भारताकडून खेळला.

गोलांचा आकडा तुम्ही जपून ठेवलाय, पण या वयात निवड करणारे तो फारसा धरत नाहीत. बॉल पायात नसताना पोरगा कुठे पळतो, डाव्या पायानं पास देतो का, बॉल गेल्यावर मागे येतो का, हे बघतात. पंधराव्या वर्षीचा फॉरवर्ड विसाव्या वर्षी विंगर किंवा साइड बॅकही होतो. त्याच्या कोचला एकदा हे सगळं विचारा, आणि कोच बोलत असताना मध्ये बोलू नका.

दहावीचे खेळाचे वाढीव गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण यांची माहिती शाळेत मिळेल. त्यासाठी सर्टिफिकेटं नीट ठेवा. रान विकू नका. संस्थेनं "महिनाअखेरपर्यंतच सीट आहे" असं सांगितलं असेल, तर ती सीट जाऊ द्या.

डॉक्टरांकडे जाताना मागे थांबा, दुखणं त्याला स्वतःच्या तोंडानं सांगू द्या. नंतर त्याला वाटलं तर मला त्यानं लिहावं. एका ओळीचं पत्र असलं तरी मी उत्तर देईन, पण ते तुम्ही वाचून, दुरुस्त करून पाठवू नका.