युकॉनमध्ये ऑगस्टअखेर दहा दिवस : डेम्पस्टर हायवेने समुद्रापर्यंत जावं का?

तुम्ही विचारलंय की ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कॅनडाच्या वायव्येकडच्या युकॉन प्रदेशाच्या राजधानीत, व्हाइटहॉर्सला उतरून, भाड्याच्या गाडीने दहा दिवसांत आर्क्टिक समुद्र गाठून परत येता येईल का. येईल, पण मी जाऊ नका म्हणेन. डेम्पस्टर हायवेच्या फाट्यापासून इनुविक गाव साधारण ७४० किमी, तिथून समुद्रकाठचं टुक्टोयाक्टुक आणखी १४० च्या आसपास. जवळपास सगळा खडीचा रस्ता, त्यात पील आणि मॅकेन्झी या नद्यांवर पूल नाहीत, फेरीबोटीची वाट बघायची. जाऊन-येऊन पाच-सहा दिवस स्टिअरिंगवरच जातील. आणि या रस्त्यावरचा सगळ्यात देखणा भाग तर पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच आहे : टूमस्टोन पार्क.

तुमची तारीख नेमकी त्याच्यासाठीच आहे. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला आठवडा, एवढेच दिवस तिथली गुडघ्याएवढी बर्चची झुडपं लालभडक होतात. रात्रीही पुन्हा काळोख्या व्हायला लागतात, म्हणजे आकाश निरभ्र असेल तर अरोरा (आकाशातला ध्रुवीय प्रकाश) दिसायची शक्यता धरा. जूनमध्ये गेलात तर अंधारच नाही, अरोरा कुठून दिसणार?

व्हाइटहॉर्स ते डॉसन सुमारे ५३० किमी, डांबरी रस्ता, सहा-सात तास. डॉसनच्या ४० किमी अलीकडे डेम्पस्टरचा फाटा, तिथून ७१ किमीवर पार्कचं माहिती केंद्र आणि कॅम्पग्राउंड. तिथे बुकिंगचं काय आहे ते आधी बघून घ्या आणि दुपारपर्यंत पोचा. नदीचं पाणी उकळूनच प्या. रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो, तेव्हा स्लीपिंग बॅग त्या हिशेबाने घ्या. खाणं, टूथपेस्टसुद्धा, तंबूत ठेवायचं नाही; अस्वलांचा मुलूख आहे. आत ग्रिझली लेकपर्यंत एका बाजूने ११ किमी चाल आहे. तिथे मुक्काम करायचा तर परवाना लागतो. तेवढं नको असेल तर केंद्राजवळची गोल्डनसाइड्सची वाट पुरते.

आता गाडी. या रस्त्याखाली कायम गोठलेली जमीन आहे. ती वितळून खचू नये म्हणून खडीचा एक ते दोन मीटरहून जाड थर घातलाय. त्यामुळे रस्ता बांधासारखा उंच आणि कडा भुसभुशीत. समोरून ट्रक आला की वेग कमी करा; आणि फोटोसाठी म्हणूनसुद्धा चाक कडेवर घालू नका, गाडी सरळ खाली घसरते. खडीचे दगड धारदार असतात. वेग साठच्या आसपास ठेवा आणि पूर्ण मापाचं जादा चाक घ्या, डिकीतलं ते बारकं तात्पुरतं नव्हे. धूळ बसावी म्हणून मारलेल्या कॅल्शियम क्लोराइडमुळे पाऊस पडला की रस्ता साबणासारखा होतो. बऱ्याच भाड्याच्या करारांत खडीचे रस्ते वर्ज्य असतात, काच आणि टायर विम्यात नसतात. डेम्पस्टरचं नाव घेऊन लेखी परवानगी मागा.

डॉसनहून टूमस्टोनला जाऊन-येऊन सव्वादोनशे किमी होतात, एका टाकीत आरामात. त्यापुढे जायचंच असेल तर फाट्यापासून ३६९ किमीवरच्या ईगल प्लेन्सपर्यंत पंप नाही. वीस लिटरचा जेरीकॅन बरोबर हवाच. मोबाइलही चालत नाही.

डॉसनमध्ये बोनान्झा क्रीक हा ओढा आणि ड्रेज नंबर ४ (नदीचा तळ उपसून सोनं चाळणारं अवाढव्य यंत्र) बघा; १८९६ च्या सोन्याच्या शोधाची गोष्ट त्या ओढ्यावरच सुरू झाली. गावाबाहेर नदीकाठी दगडांचे अळीसारखे वळवळते ढीग दिसतात, ती या ड्रेजनी चाळून टाकलेली नदी आहे.

उरलेले तीन दिवस क्लुआनी राष्ट्रीय उद्यानाला द्या. कॅनडातलं सर्वांत उंच शिखर माउंट लोगन (५,९५९ मीटर) रस्त्यावरून दिसेल या आशेवर जाऊ नका, पुढच्या डोंगररांगा त्याला झाकतात. हिमनद्या बघायच्या तर हेन्स जंक्शनच्या बाजूने छोटं विमान घ्यावं लागतं. ढगांमुळे उड्डाण सर्रास रद्द होतं, म्हणून पहिल्याच दिवसाचं ठरवा, म्हणजे पुढचे दोन दिवस हातात राहतात. क्लुआनी सरोवराच्या टोकाला वाऱ्याने धुळीचे लोट उठताना दिसतील. कास्कावुल्श हिमनदी मागे सरत गेली, २०१६ मध्ये तिचं पाणी दुसऱ्याच नदीकडे वळलं आणि सरोवराला मिळणाऱ्या स्लिम्स नदीचं पात्र उघडं पडलं; ही धूळ तिथलीच.

व्हाइटहॉर्सच्या दक्षिणेच्या कारक्रॉस गावाजवळचं ‘वाळवंट’ म्हणजे जुन्या हिमनदी-सरोवराच्या तळाची वाळू. अर्धा तास बास.