विषय आवडीचा घ्यावा की फेलोशिपचा?

आवडीच्या विषयात संशोधनासाठी पैसा मिळत नसेल, तर एमएस्सीला तो विषय घ्यावा का, हा प्रश्न बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी माझ्याकडे वारंवार घेऊन येतात. गेल्या उन्हाळ्यात दारव्हा तालुक्यातील एक मुलगी वडिलांसोबत आली. तिला वनस्पतिशास्त्र हवे होते. घरच्यांचा आग्रह बायोटेक्नॉलॉजीचा होता, कारण फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठीचे मासिक विद्यावेतन, त्यातच मिळते असे त्यांच्या कानावर आले होते.

"पैसा कोण्या विषयात भेटते, थेवढं सांगा मॅडम," वडील म्हणाले. कोरडवाहू कापसावर घर चालवणाऱ्या माणसाचा हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

मुलीने पिशवीतून एक वही काढली. तरोटा, काटवलाचा वेल, सारे वर्तमानपत्रात दाबून वाळवलेले, आणि प्रत्येकाखाली शिवाराचे नाव, तारीख व आजीने सांगितलेला उपयोग.

मी आधी पैशाचाच हिशेब मांडला. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत या दोन्ही विषयांचे विद्यार्थी लाइफ सायन्सेसचा एकच पेपर देतात आणि जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाल्यास दोघांनाही, जानेवारी 2023 पासूनच्या दराने, पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात. ही फेलोशिप विद्यार्थ्याने स्वतः मिळवलेली असते. मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून मिळणारे मानधन मात्र प्रकल्पाची मुदत संपली की थांबते, म्हणून कोणता पैसा कुठून येतो हे विचारल्याशिवाय विषय बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या फेलोशिपचा आणखी एक मार्ग असतो, हेही मी लपवले नाही.

खरी अडचण वेगळीच होती. जेआरएफ एमएस्सीनंतर सुरू होते, आणि तीही परीक्षेला बसणाऱ्यांपैकी थोड्यांनाच मिळते. मधली दोन वर्षे घरालाच पेलावी लागतात. बायोटेक्नॉलॉजी अनेक महाविद्यालयांत विनाअनुदानित असल्याने तिचे शुल्क बरेच जास्त असते. म्हणजे फेलोशिपच्या आशेने घेतलेला विषयच आधी घरावर कर्ज चढवू शकला असता.

वडील बराच वेळ त्या वहीची पाने उलटत राहिले.

"मंग सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवू का?" त्यांनी विचारले. मी होकार दिला, आणि नेटच्या मागील प्रश्नपत्रिका पहिल्या सत्रापासूनच सोडवायला घे, असे मुलीला सांगितले.