आधी परडी, मग पाककृती: बागेतल्या भाज्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बऱ्याच पत्रांत एकच अडचण वेगवेगळ्या शब्दांत आली आहे. पाककृती ठरवून बागेत गेलं की हवी ती भाजी तयार नसते, आणि जी तयार असते तिचं काय करायचं ते सुचत नाही. म्हणून आधी परडीत काय आलंय ते पाहावं, कोणती भाजी शिजायला किती वेळ घेते त्याचा अंदाज घ्यावा आणि मग पदार्थ ठरवावा, असं मला मनापासून वाटतं. पुढची बहुतेक उत्तरं याच क्रमाने दिली आहेत.

प्रश्न: आमची बाग लहान आहे. एका वेळी दोन गाजरं, मूठभर फरसबी, एखादी ढोबळी मिरची, चार टोमॅटो एवढंच निघतं. कुठल्याच एका भाजीचं जेवण होत नाही. काय करावं?

सगळ्यांचं मिळून एकच करा. मिश्र भाजी बिघडते ती बहुधा एकाच कारणाने: सगळं एकदम पातेल्यात पडतं, मग गाजर कच्चं राहतं आणि मिरचीचा लगदा होतो. चिरतानाच भाज्यांचे वेगवेगळे ढीग करा. दीड-दोन सेंटिमीटरच्या फोडी केल्या तर गाजर आणि बटाट्याला साधारण 12 ते 15 मिनिटं लागतात, फरसबी आणि फ्लॉवरला 6 ते 8, ढोबळी मिरचीला 4-5. कोवळे मटार दोन-तीन मिनिटांत होतात आणि पालक तर मिनिटभरातच बसतो.

थोड्या तेलात कांदा मऊ होईपर्यंत परता. मीठ तेव्हाच घाला, म्हणजे कांद्याला पाणी सुटतं आणि तो करपत नाही. मग सर्वांत टणक भाजी आणि अर्धी वाटी पाणी घालून झाकण ठेवा. बाकीचे ढीग आपापली वेळ आली की घालत जा. टोमॅटो मात्र बटाटा-गाजर मऊ झाल्यावरच घाला. भाज्यांच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट रसात सहज विरघळत नाही, त्यामुळे टोमॅटो आधी पडला तर बटाटा बराच वेळ शिजवला तरी कडक राहू शकतो. ‘अर्धा तास शिजवूनही बटाटा कच्चा’ अशी तक्रार दुसऱ्या एका पत्रात होती, तिचंही कारण बहुधा हेच असावं.

याचं पोटभर जेवण करायचं तर शेवटी वाटीभर शिजवलेलं कडधान्य घाला. किंवा भाजीत खळगे करून त्यांत अंडी फोडा आणि झाकण ठेवून घट्ट होऊ द्या. पाणी वाढवून चार फोडी पळीने चेचल्या की त्याचंच दाटसर सूप होतं. एवढी एक पद्धत अंगवळणी पडली की वर्षभराच्या बागेला पुरते.

प्रश्न: पालक आणि फरसबी शिजवली की हिरवा रंग जाऊन शेवाळी होते. खाण्याचा सोडा घालावा का?

सोडा नको. त्याने रंग टिकतो हे खरं, पण भाजी गिळगिळीत होते आणि क जीवनसत्त्वाचं नुकसान होतं. हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो. त्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम असतं. उष्णता आणि आंबटपणा मिळून ते मॅग्नेशियम बाहेर काढतात आणि रंग मळकट होतो. भाज्यांमध्ये मुळातच थोडी आम्लं असतात आणि त्यांतली काही वाफेबरोबर निघून जातात. म्हणून हिरवी भाजी भरपूर उकळत्या पाण्यात, झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर शिजवा आणि पाच-सात मिनिटांच्या आत उतरवा. लिंबू पिळायचं असेल तर ताटात वाढताना पिळा. पालकाला वेगळं पाणीही लागत नाही, धुतल्यावर पानांवर राहिलेलं पुरतं. तो शिजून फार कमी होतो, त्यामुळे चौघांसाठी पातेलं काठोकाठ भरलं तरी घाबरू नका.

प्रश्न: टोमॅटो सगळे एकाच आठवड्यात पिकले आहेत. फ्रिजमध्ये जागा नाही.

बरंच झालं. पिकणारा टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवला की त्याचा वास मंदावतो. चवीतला मोठा भाग त्या वासाचाच असतो. बाहेर, उन्हापासून दूर, एका थरात पसरून ठेवा आणि अगदी मऊ झालेले आधी वापरा.

ओव्हन असेल तर टोमॅटो अर्धे कापून, कापलेली बाजू वर ठेवून, तेल, मीठ आणि लसणाच्या पाकळ्या घालून 200 अंश सेल्सिअसवर 35 ते 45 मिनिटं भाजा. पाणी आटतं, गोडी वाढते आणि लसूण लोण्यासारखा होतो. सगळं चेचलं की सॉस तयार. ओव्हन नसेल तर पसरट कढईत झाकण न ठेवता आटवा. बिया आणि त्यांभोवतीचा गर काढून टाकू नका, टोमॅटोची खरी चव तिथेच जास्त असते. तेलात शिजवलेल्या टोमॅटोतलं लायकोपीन (त्याला लाल रंग देणारं द्रव्य) शरीराला कच्च्यापेक्षा चांगलं मिळतं, हा आणखी एक फायदा.

आज वेळच नसेल तर टोमॅटो धुऊन, पुसून, अख्खेच फ्रीझरमध्ये टाका. नंतर कोमट पाण्याखाली धरले की साल हाताने निघते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. घरचा सॉस नुसता बाटलीत भरून फळीवर ठेवू नका. तो फ्रिजमध्ये चार-पाच दिवस आणि त्यापुढे फ्रीझरमध्येच ठेवावा. तेलात बुडवलेला कच्चा लसूणही बाहेर ठेवू नये. हवा न लागणाऱ्या अशा तेलात बोट्युलिझमचे (जीवघेण्या विषबाधेचे) जिवाणू वाढू शकतात, आणि वासावरून काहीही कळत नाही.

प्रश्न: झुकिनी कडू निघाली. मीठ लावून पिळली तर कडवटपणा जाईल का?

नाही. ती टाकून द्या. काकडी, दुधी, झुकिनी, भोपळा या कुळात कडूपणा क्युकरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. ती शिजवून नष्ट होत नाहीत आणि जास्त प्रमाणात पोटात गेली तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. या भाज्या चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंका आणि ते फळ वापरू नका. बी घरी धरलेलं असेल तर पुढच्या हंगामात दुसरं आणा, कारण फुलांचा संकर झाला असेल तर त्या बियांतून कडू फळं येऊ शकतात. (कारल्याचा कडूपणा वेगळा, तो इथे मोजू नये.)

प्रश्न: वांगी फार तेल पितात.

वांग्याचा गर स्पंजासारखा, हवेने भरलेला असतो. फोडी आधी पाच मिनिटं वाफवा, म्हणजे ती हवा निघून गर बसतो. मग चमचाभर तेलात खरपूस परता.

प्रश्न: आठवडाभर बाहेरगावी होतो. परत आलो तर सगळं निबर झालं होतं. फेकून द्यायचं का?

बरंचसं वाचतं. फुगलेल्या काकडीचं साल आणि बिया काढून गर सुपात शिजवा. घेवड्याच्या जून शेंगा सोलून दाणे काढा, पण ते नीट उकळून मऊ शिजवूनच खा. कच्च्या घेवड्यात पोट बिघडवणारं लेक्टिन असतं. मुळा जाळीदार झाला आणि त्याला शेंगा आल्या असतील, तर कोवळ्या शेंगा परतून छान लागतात. बीट मोठं झालं तरी चालतं. सालासकट, दोन बोटं देठ ठेवून उकडा, म्हणजे रंग पाण्यात उतरत नाही. पानं त्याच दिवशी शिजवा. मुळा, गाजर, बीट पाल्यासकट ठेवले तर पानं कंदातलं पाणी ओढत राहतात आणि कंद लिबलिबीत होतो.

निबर भेंडीचं मात्र काही होत नाही. तोडून टाका, म्हणजे झाड नवी फुलं धरेल.

प्रश्न: फरसबी फ्रीझरमध्ये ठेवली तर महिन्याभरात गवतासारखी लागते.

ती कच्चीच ठेवली असणार. थंडीत भाजीतली विकरं (एन्झाइम) मंदावतात, थांबत नाहीत. चव आणि रंग तीच बिघडवतात. तुकडे तीन मिनिटं उकळत्या पाण्यात टाका, लगेच बर्फाच्या पाण्यात काढा, फडक्यावर पूर्ण कोरडे करा आणि ताटात पसरून गोठवा. सुटे गोठले की पिशवीत भरून हवा दाबून काढा. मटारांना दीड ते दोन मिनिटं पुरतात. उणे 18 अंशांवर आठ-दहा महिने चव चांगली राहते. शिजवताना बाहेर काढून वितळवत बसू नका, गोठलेले तुकडे थेट तापलेल्या कढईत टाका.