रायफलवरचा लाल ठिपका: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या अंकात एअर रायफलची माशी, म्हणजे बॅरलच्या टोकावरची नेमाची खूण, आणि नेम यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी रेड डॉट साइटबद्दल, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणाऱ्या नेमाच्या साधनाबद्दल विचारलं आहे, म्हणून या महिन्याची सगळी जागा तिलाच दिली आहे.

प्रश्न: सर, माझ्याकडे स्प्रिंगची, बॅरल मोडून भरायची .177 एअर रायफल आहे. शेतात मातीच्या बांधाला पुठ्ठा लावून सराव करतो. तिच्यावर रेड डॉट साइट बसवली. सुरुवातीला मार बरोबर जातो, पण पंधरा-वीस छर्ऱ्यांनंतर वर-खाली भरकटतो. दुकानदार म्हणतो साइट हलकी आहे, महागातली घ्या. घेऊ का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर: नवीन साइटवर आत्ता एक रुपयाही घालू नका. माझी सगळी नोकरी वरणगावच्या आयुध निर्माणीत झाली, हातात कायम मापाचं गेज. त्यामुळे मार सरकला की मी आधी काच बघत नाही, काच ज्याच्यावर बसली आहे ते बघतो. तुमच्या वर्णनावरून तुमचं माउंट, म्हणजे साइट धरणारी पकड, रेलवरून, म्हणजे रायफलच्या वरच्या खाचेच्या पट्टीवरून मागे सरकतंय.

स्प्रिंगच्या रायफलचा धक्का दोन्ही बाजूंनी बसतो. ट्रिगर ओढला की आतला जड पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल मागे येते. लगेच पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी, दाबल्या गेलेल्या हवेवर आपटून थांबतो आणि रायफल झटक्यात पुढे जाते. हा दुसरा झटका फार तीव्र असतो. रायफल पुढे पळते, वरची साइट जागच्या जागी राहू पाहते, म्हणजे रेलच्या हिशोबानं ती मागे सरकते. एका छर्ऱ्याला कळत नाही, वीस छर्ऱ्यांत कळतं. काडतुसाच्या रायफलचं उलट आहे. तिथं धक्का मागेच बसतो, म्हणून साइट पुढे सरकू पाहते आणि माउंट पुढे रेटून आवळायला सांगतात. तीच सूचना वाचून लोक स्प्रिंगच्या रायफलवरही माउंट पुढे रेटतात. तुम्हाला ते मागे रेटून बसवायचं आहे.

आधी खात्री करा. माउंटच्या पुढच्या कडेला लागून रेलवर पेन्सिलीची बारीक रेघ मारा आणि वीस छर्रे मारा. रेघ आणि माउंट यांच्यामध्ये फट दिसली तर साइट निर्दोष आहे, दुकानदाराला तसं सांगा.

आता बसवणी. माउंट काढा. रेल आणि माउंटचे जबडे स्पिरिटच्या फडक्यानं पुसून कोरडे करा. रायफलीला तेल लावायची आपल्याकडे हौस फार, आणि नेमकं ते तेल रेलवर राहिलं की कितीही आवळा, माउंट घसरणारच. मग व्हर्नियर घ्या आणि रेलची रुंदी मोजा. एअर रायफलच्या रेलला सगळे 11 मिलिमीटरचा डव्हटेल (उतरत्या कडांची खाच) म्हणतात, पण प्रत्यक्षात साडेनऊपासून तेरा मिलिमीटरच्या पुढेही रेल सापडतात आणि उताराचा कोनही सगळीकडे सारखा नसतो. जबडा तिरका बसला तर तो फक्त एका कडेनं पकडतो. रेलवर एकाच रेषेत चरे उमटले असतील तर हेच झालंय असं समजा आणि माउंट बदला. साइट वीव्हर किंवा पिकाटिनी, म्हणजे आडव्या खाचांच्या रुंद रेलची असेल तर मध्ये अडॅप्टर लागतो. पिकाटिनीची खाच सव्वापाच मिलिमीटर रुंद, वीव्हरची साधारण साडेचार. पिकाटिनीचा आडवा बोल्ट वीव्हरच्या खाचेत जात नाही. तो ठोकून घालू नका.

सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे स्टॉप पिन. तुमच्या रायफलच्या वरच्या बाजूला, रेलच्या मागच्या भागात एखादं छोटं भोक आहे का बघा. ते त्यासाठीच असतं. माउंटमधली पिन त्या भोकात उतरली की माउंटला मागे जायला वाटच राहत नाही. भोक नसेल तर माउंटच्या मागे लागून वेगळा स्टॉप आवळतात. पिन भोकाच्या मागच्या कडेला टेकवा, मग स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला तर माउंट एका अंगानं उचललं जातं. माउंटसोबतच्या कागदावर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, दिलेला असेल तर तेवढाच द्या. साइट ज्या स्क्रूंनी माउंटला धरली आहे त्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब पुरतो. लाल वापरू नका, तो गरम केल्याशिवाय सुटत नाही.

झिरो करायला, म्हणजे ठिपका आणि मार एका जागी आणायला, 10 मीटरवर पुठ्ठा लावा. स्प्रिंगची रायफल वाळूच्या पिशवीवर थेट ठेवली की ती उडी मारते, म्हणून पिशवीवर तळहात आणि तळहातावर रायफल, पकड सैल. एकेका छर्ऱ्यावर साइटचा नॉब फिरवत बसू नका. पाच छर्रे मारा, त्यांचा मध्य काढा, मग फिरवा. साइटच्या नॉबच्या एका क्लिकवर 1 एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) लिहिलेलं असेल तर 100 मीटरवर मार 2.9 सेंटिमीटर सरकतो, 10 मीटरवर जेमतेम 3 मिलिमीटर. ग्रुप, म्हणजे त्या पाच छर्ऱ्यांचा पुंजका, 24 मिलिमीटर डावीकडे पडला असेल तर आठ क्लिक उजवीकडे. क्लिक अर्ध्या एमओएची असेल तर सोळा. नॉबवरचा बाण मार कुठं सरकेल ते दाखवतो, ठिपका कुठं सरकेल ते नाही.

प्रश्न: सर, पहिल्यांदाच रेड डॉट घेतोय. उघड्या काचेची घ्यावी की नळीची? आणि ठिपका किती मोठा?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर: आपल्या भागात नळीची, म्हणजे दोन्हीकडून बंद. उघड्या प्रकारात मागचा छोटा एलईडी समोरच्या वक्र काचेवर उजेड टाकतो आणि काच तो परत आपल्या डोळ्याकडे पाठवते. मध्ये सगळी मोकळी हवा. उन्हाळ्यातली आपली वावटळ आणि काळ्या मातीची धूळ त्या एलईडीवर बसली की ठिपका फाटतो किंवा अंधूक होतो. नळीत तो धोका नाही. बाहेरची काच फुंकून पुसली की झालं.

ही कल्पना जुनी आहे. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी 1900 मध्ये परावर्तित खुणेच्या साइटचं पेटंट घेतलं होतं आणि बॅटरीवर चालणारी पहिली रेड डॉट स्वीडनच्या एमपॉइंटनं 1975 मध्ये आणली. तत्त्व तेच आहे: ठिपक्याचे किरण समांतर होऊन डोळ्यात येतात, म्हणून तो फार लांबवर असल्यासारखा दिसतो आणि डोळा थोडा इकडे-तिकडे झाला तरी निशाणावरच राहतो. ‘पॅरलॅक्स अजिबात नाही’, म्हणजे डोळा हलला तरी ठिपका निशाणावरून सरकत नाही, असं डब्यावर लिहिलेलं असतं, ते जवळच्या अंतराला लावू नका. रायफल घट्ट टेकवा, हात न लावता डोकं हलवा आणि 10 मीटरवरच्या पुठ्ठ्यावर ठिपका किती फिरतो ते बघा. फिरत असेल तर जवळच्या नेमाला ठिपका काचेच्या मध्यावर ठेवायची सवय लावा.

ठिपका 2 किंवा 3 एमओएचा घ्या. 3 एमओएचा ठिपका 10 मीटरवर सुमारे 9 मिलिमीटर जागा झाकतो, 25 मीटरवर 2.2 सेंटिमीटर. सहाचा घेतलात तर पुठ्ठ्यावरची छोटी खूण त्याच्याखाली गायब होईल. उजेड जेवढ्यात ठिपका दिसतो तेवढाच ठेवा. मे महिन्यातल्या दुपारी बराच वाढवावा लागेल, पण संध्याकाळी तोच राहिला तर ठिपका फुगतो. नजर निशाणावर, ठिपक्यावर नाही, आणि दोन्ही डोळे उघडे. माशीवर शिकलेल्यांना हे सुरुवातीला जड जातं.

साइट स्प्रिंगच्या रायफलचा धक्का सोसते असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. बॅटरी बहुतेकांत सीआर 2032, एक जादा जवळ असू द्या. आणि आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा साइट गाडीच्या काचेमागे ठेवून जाऊ नका.

साइट माउंटसकट बॅरलच्या मध्यरेषेपासून 4 सेंटिमीटर वर असेल आणि 20 मीटरवर झिरो केली असेल, तर तीन-चार मीटरवर छर्रा ठिपक्याच्या दोन-अडीच सेंटिमीटर खाली लागतो. पहिल्यांदाच घेताय म्हणून सांगतो, तो साइटचा दोष नाही, तेव्हा नॉबला हात लावू नका.

प्रश्न: सर, आजोबांसाठी एअर रायफलवर रेड डॉट बसवून दिली. ते म्हणतात, “माले ठिपका नई, फुलझडी दिसस.” मला मात्र गोल ठिपका दिसतो. साइट बदलून घेऊ का?
— एक वाचक, साक्री

उत्तर: आजोबांनी दोन शब्दांत सगळं निदान सांगितलं आहे. त्यांच्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर असणार, डॉक्टर ज्याला ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात. बुबुळाची वक्रता सगळीकडे सारखी नसली की बारीक तेजस्वी ठिपका फाटून किरण फुटल्यासारखा दिसतो.

घरीच तपासा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून साइटमधून फोटो घ्या. फोटोत ठिपका गोल आला तर साइट चांगली आहे. मग आजोबांना नेम धरूनच रायफल हळूहळू एका कुशीवर वळवायला सांगा. फुलझडीचे किरण रायफलबरोबर फिरले तर दोष साइटचा, जागीच राहिले तर डोळ्याचा. पुठ्ठ्याला सुईनं बारीक भोक पाडून त्यातून बघायला सांगितलं तर त्यांना ठिपका बराच गोल दिसेल, तोही पुरावाच.

उजेड खाली आणा, निम्मा त्रास तिथंच कमी होतो. नंबरचा चष्मा जुना असेल तर धुळ्याला नेऊन डोळे तपासून घ्या. या वयात मोतीबिंदूही बघायला हवा, त्यानंही उजेड असाच फुटतो, म्हणून ही तपासणी साइटसाठी नाही तर त्यांच्यासाठी करा. तरीही जमलं नाही तर प्रिझम साइट बघा. तिची खूण काचेवर कोरलेली असते, त्यामुळे अशा डोळ्यांना ती बहुधा स्वच्छ दिसते. किंवा भोकाची पीप साइट, जी बॅटरीशिवाय चालते.

प्रश्न: मुलगी शाळेतून 10 मीटर एअर रायफल शिकायला लागली आहे. रेड डॉटनं तिचे गुण वाढतील का?
— एक पालक, जळगाव

उत्तर: स्पर्धेत ती चालणारच नाही. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल नियमांत साइटमध्ये भिंग लावता येत नाही, डोळ्याच्या नंबरची काच तेवढी मागच्या साइटला लावता येते. अभिनव बिंद्रा यांचं 2008 चं बीजिंगचं सुवर्ण आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेचं 2024 चं पॅरिसचं कांस्य, दोन्ही भोकाच्या साइटवर आले आहेत. 10 मीटरच्या निशाणाच्या कार्डावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि 3 एमओएचा लाल ठिपका त्या अंतरावर 9 मिलिमीटरचा. ताईंना त्या पैशात चांगलं शूटिंग जॅकेट घेऊन द्या.

प्रश्न: ज्वारीवर पोपट फार बसतात. एअर गनला परवाना लागत नाही, रेड डॉट लावली तर लांबून नेम बसेल का?
— एक शेतकरी, शिंदखेडा

उत्तर: दाणे भरताना थवा उतरतो तेव्हा जीव कसा तुटतो ते मला माहीत आहे. तरी यासाठी मी साइट सुचवणार नाही. .177 बोअरच्या आणि 20 जूलपर्यंतच्या (छर्ऱ्याच्या जोराचं माप) एअर गनला परवाना लागत नाही, पण पोपट वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहे आणि त्याला मारणं गुन्हा आहे, बंदूक कुठलीही असो. शिवाय वर मारलेला छर्रा शेजारच्या वावरात कोणाच्या डोळ्यावर पडेल ते सांगता येत नाही. कणसं भरायच्या दिवसांत चकचकीत रिबन ताणा, सकाळ-संध्याकाळ माणूस उभा करा.

प्रश्न: वडिलांची परवान्याची .315 रायफल आहे. तिच्यावर रेल नाही. गावातल्या लेथवाल्याकडून भोकं पाडून घेऊ का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर: अजिबात नको. ज्या पोलादात भोक पाडायचं, तेच काडतुसाचा दाब सोसतं. भोक अर्धा मिलिमीटर जास्त खोल गेलं किंवा चुकीच्या जागी पडलं तर रायफल वडिलांच्या गालाजवळ फुटू शकते. शिवाय शस्त्र कायदा 1959 नुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरफार परवाना असलेल्याकडूनच करून घ्यावा लागतो, लेथवाला कितीही हुशार असो. परवानाधारक गनस्मिथकडे वडिलांना परवान्यासकट स्वतः जाऊ द्या आणि भोक न पाडता, मागच्या साइटच्या जागेवर बसणारं माउंट मिळतंय का ते आधी विचारा.