कराटेची तंत्रे एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती या सगळ्यांना मुभा असलेला खेळ) खऱ्या लढतीत उपयोगी पडतात का?

होय, निश्चित पडतात. परंतु कंबरेशी मूठ ठेवून केलेल्या काताच्या (एकट्याने करायच्या ठरावीक हालचालींच्या सरावाच्या) रूपात नव्हे, तर अंतर राखण्याच्या कौशल्याच्या रूपात. वडिलांकडून शोतोकान कराटे शिकलेल्या ब्राझीलच्या ल्योटो माचिडाने २००९ मध्ये यूएफसी या एमएमए संस्थेचे लाइट हेवीवेट वजनगटाचे विजेतेपद मिळवले आणि २०११ मध्ये टोरंटो येथे, उडी घेऊन समोरून हनुवटीवर मारलेल्या लाथेने, रँडी कुटूरसारख्या मुरब्बी कुस्तीगिराला बाद केले. बॉक्सिंगच्या अंतराची सवय असलेल्या प्रतिस्पर्ध्याला इतक्या लांबून एकाएकी आत येणारा हल्ला ओळखताच येत नाही, हेच त्याचे खरे बळ. मात्र कराटेच्या रुंद पवित्र्यात पुढचा पाय लो किकला (पायावर मारलेल्या लाथेला) उघडा पडतो. शिवाय माचिडाकडे जमिनीवर झुंजण्याच्या जिउ-जित्सू कलेचा ब्लॅक बेल्टही होता, त्यामुळे जमिनीवरील झुंज शिकल्याविना केवळ कराटेवर विसंबू नये.